पटकीचा वैरी : वाल्डेमार हाफकिन

(द्वितीय वर्ष कला)

परळची हाफकिन संस्था आपल्यापैकी बहुतेकांना ऐकून ठाऊक असते. सर्पदंशावरचे औषध म्हटले, पोलिओचे डोस म्हटले की हे नाव कानावर येते. परंतु हाफकिन हे एका माणसाचे नाव आहे, हे मला कॉलेजात येईपर्यंत माहीत नव्हते. माहीत झाले तेव्हा वाटले, असेल कोणी इंग्रज गव्हर्नर. रस्त्यांना, पुलांना, दवाखान्यांना त्यांची नावे असतातच. पण हा माणूस इंग्रज नव्हता, गव्हर्नर नव्हता. नवल म्हणजे तो डॉक्टरसुद्धा नव्हता.

त्यांच्यावर लिहावे असे का वाटले, ते आधी सांगते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत दोन वेळा नळाला गढूळ पाणी आले. सोलापुरात पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांआड येते, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. नळ आला की बादल्या, घागरी, पिंप, हाती लागेल ते भरून ठेवायचे आणि पुढच्या नळापर्यंत पुरवायचे. त्या दिवशीच्या पाण्याला वास होता. तरी आम्ही भरले. न भरून करणार काय? तिसऱ्या दिवशी धाकट्या भावाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत त्याचे डोळे खोल गेले. आईने मांडीवरचे विड्यांचे सूप बाजूला ठेवले, वडील माग बंद करून कारखान्यातून धावत आले. आजी तेवढी कोपऱ्यात बसून एकच शब्द पुटपुटत होती : पटकी.

पटकी नव्हती. डॉक्टरांनी साधा गॅस्ट्रो सांगितला, सलाईन लावले, मीठ-साखरेचे पाणी घोट घोट पाजायला सांगितले आणि भाऊ तिसऱ्या दिवशी घरी आला. पण आजी त्या रात्री झोपली नाही. तिने मला जे सांगितले ते आमच्या घरात यापूर्वी कोणी उच्चारले नव्हते.

आजीचे माहेर भीमेकाठचे, पंढरपूर तालुक्यातले. तिच्या लहानपणी आषाढीला पंढरीत शिरायचे तर वाटेतल्या नाक्यावर दंड पुढे करून पटकीची सुई टोचून घ्यावी लागे. टोचल्याचा कागद दाखवला की आत सोडत. तिच्या वडिलांना त्या सुईची विलक्षण धास्ती होती. दोन दिवस दंड सुजतो, ताप येतो, मग चालायचे कसे आणि टाळ धरायचा कसा? म्हणून ते नाका चुकवून बांधाबांधाने जात आणि वाळवंटात उतरत. आजीची थोरली बहीण आठ वर्षांची असताना आषाढीहून परतल्यावर एका रात्रीत गेली. दिवेलागणीला धडधाकट होती, पहाटे संपली होती. वडिलांनी तिला नाक्यावरून नेले होते की बांधावरून, हे घरात कोणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. गावाने मरीआईचा गाडा शिवेबाहेर लोटून दिला. तेवढ्यावर तो विषय मिटला.

त्या नाक्यावरच्या सुईचा माग काढत मी ग्रंथालयात गेले आणि मला हाफकिन भेटले.

वाल्डेमार मोर्दकाय हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा या बंदरात झाला. ओडेसा तेव्हा रशियाच्या झारच्या साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू व्यापाऱ्याचे. आई ते लहान असतानाच वारली. शाळा बेर्द्यान्स्क या गावी झाली आणि १८७९ साली ते ओडेसाच्या विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांना गुरू भेटले ते एली मेचनिकॉफ. शरीरातल्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात हे दाखवणारे आणि पुढे १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे मेचनिकॉफ ते हेच.

एकोणीस-वीस वर्षांचे हाफकिन निव्वळ पुस्तकी विद्यार्थी नव्हते. झारशाहीविरुद्ध गुप्तपणे काम करणाऱ्या तरुणांत त्यांची ऊठबस होती, पोलिसांच्या वहीत नाव होते. १८८१ साली झार दुसरा अलेक्झांडर याचा खून झाला आणि रशियात ठिकठिकाणी ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. ओडेसात आपल्या वस्तीच्या रक्षणासाठी जी पोरे उभी राहिली त्यांत हाफकिन होते. ते जखमी झाले, पकडले गेले, तुरुंगात पडले. मेचनिकॉफनी शब्द टाकला म्हणून सुटले. पदवीनंतर विद्यापीठात जागा मिळण्यासारखी होती, मात्र अट अशी की ख्रिस्ती धर्म स्वीकारायचा. त्यांनी नकार दिला आणि ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात मेलेल्या जिवांच्या बाटल्या सांभाळण्याचे काम पत्करले. मला या ठिकाणी थोडे थांबावेसे वाटले. नोकरीसाठी माणसे काय काय सोडतात ते आपण आजूबाजूला पाहतोच आणि ज्याच्या घरात खायची भ्रांत आहे त्याला मी नावे ठेवणार नाही. परंतु हा माणूस फार देवभक्त होता म्हणून अडून बसला असेही दिसत नाही. दडपणाखाली काही सोडायचे नाही, एवढेच असावे.

१८८८ साली त्यांनी रशिया सोडला. आधी जिनिव्हा आणि पुढच्या वर्षी पॅरिस. मेचनिकॉफ तेव्हा पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले होते. तेथे शास्त्रज्ञाची जागा रिकामी नव्हती, ग्रंथपालाच्या मदतनिसाची होती. हाफकिननी ती घेतली. दिवसा पुस्तके लावायची, उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शकावर बसायचे, रात्री व्हायोलिन वाजवायचे. वर्षभराने तिथल्या डॉक्टर रू यांच्या हाताखालचे येर्सिन बोटीवरचे डॉक्टर होऊन निघून गेले आणि त्यांची जागा हाफकिन यांना मिळाली. पुढे १८९४ साली प्लेगचा जंतू शोधणारे येर्सिन ते हेच, हा एक योगायोगच.

आता पटकीविषयी सांगायला हवे.

पटकी पाण्यातून येते हे आज शाळेतल्या मुलालाही माहीत असते, परंतु माणसाला ते फार उशिरा कळले. घाणेरड्या हवेतून रोग येतो असे युरोपातले मोठमोठे वैद्य मानत. १८५४ साली लंडनच्या जॉन स्नो यांनी एका सार्वजनिक पंपाचे पाणी पिणाऱ्यांतच पटकीचे बळी जास्त आहेत हे घरोघर फिरून दाखवून दिले. त्याच वर्षी इटलीत पाचिनी यांनी रोग्यांच्या आतड्यात वाकडा जंतू पाहिला. दोघांचेही कोणी फारसे ऐकले नाही. १८८४ साली जर्मनीचे रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्याला येऊन तो स्वल्पविरामासारखा जंतू रोग्यांच्या आतड्यात तर दाखवलाच, पण रोगी ज्या तळ्याचे पाणी पीत त्या तळ्यातही दाखवला. तेच तळे अंघोळीचे, तेच धुण्याचे, तेच पिण्याचे. आपल्याकडे वेगळे काय होते?

हा जंतू पाण्याबरोबर पोटात गेला की लहान आतड्याच्या अस्तराला चिकटतो. तो रक्तात शिरत नाही. बसल्या जागी तो एक विष सोडतो आणि त्या विषाने आतड्याच्या पेशी अंगातले पाणी व क्षार बाहेर ओतू लागतात. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात. धडधाकट माणूस काही तासांत चिपाडासारखा सुकतो, रक्त घट्ट होते, नाडी सापडत नाही. हे विषाचे गूढ उकलले तेही आपल्याच देशात. कलकत्त्याच्या शंभुनाथ दे यांनी १९५९ साली सशाच्या आतड्यावर प्रयोग करून ते सिद्ध केले. पण हाफकिन यांच्या वेळी हे काही ठाऊक नव्हते. जंतू सापडला होता, इलाज नव्हता.

पाश्चर यांनी कोंबड्यांच्या, मेंढरांच्या रोगांवर आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर जी वाट दाखवली होती, ती हाफकिननी पटकीसाठी धरली. दुबळा केलेला जंतू आधी टोचायचा म्हणजे शरीर सावध होते आणि खरा शत्रू आला तर तयार असते. स्पेनमध्ये फेरान नावाच्या डॉक्टरांनी १८८५ साली हजारो लोकांना पटकीचे जंतू टोचले होते, पण त्यांच्या आकड्यांवर कोणी विश्वास ठेवला नाही. हाफकिन यांनी पद्धत बसवली. ३९ अंश सेल्सियसच्या उष्णतेत, हवा खेळवून वाढवलेला जंतू दुबळा पडतो. ती पहिली सुई. एका गिनिपिगच्या पोटातून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या पोटातून तिसऱ्याच्या असा फिरवत नेलेला जंतू जहाल होतो. ती पाच-सहा दिवसांनंतरची दुसरी सुई. पहिली पचली की दुसरी सोसता येते.

गिनिपिग वाचले, ससे वाचले, कबुतरे वाचली. माणसाचे काय? १८ जुलै १८९२ रोजी हाफकिननी पहिली सुई स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, टोचल्या जागी दुखले, सूज आली. त्यांनी सारे तासातासाने टिपून ठेवले. सहा दिवसांनी जहाल जंतूची दुसरी सुई घेतली. त्यानंतर त्यांच्या काही रशियन मित्रांनी टोचून घेतले आणि मगच ३० जुलैला पॅरिसच्या शास्त्रज्ञांपुढे त्यांनी निष्कर्ष ठेवला. ते तेव्हा ३२ वर्षांचे होते.

त्याच वर्षीच्या ऑगस्टात जर्मनीच्या हॅम्बुर्ग शहरात पटकी शिरली आणि आठ हजारांवर माणसे मेली. शेजारीच आल्टोना हे गाव होते. दोन्ही गावे एल्ब नदीचेच पाणी पीत. आल्टोना नदीचे पाणी वाळूतून गाळून घेई, हॅम्बुर्ग तसेच पिई. रस्त्याच्या एका बाजूला प्रेते, दुसऱ्या बाजूला जवळजवळ काही नाही. हाफकिन यांच्या चरित्रात हॅम्बुर्गची जागा खरे तर नाही. पण ती गोष्ट वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून इथे घातली. सुई लागण्याआधी वाळूने काम केले होते.

आपली लस कामाची आहे हे सिद्ध करायला हाफकिन यांना पटकीचे माहेरघर हवे होते. रशियाने नाही म्हटले. पॅरिसमध्ये इंग्लंडचे वकील असलेले लॉर्ड डफरिन पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांनी हिंदुस्थानात जा असे सुचवले. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले आणि एप्रिलमध्ये आग्र्याला पहिल्या सुया टोचल्या गेल्या. पुढची दोन-सव्वादोन वर्षे ते उत्तर हिंदुस्थान, बंगाल, आसामचे चहाचे मळे असे फिरत राहिले. पलटणी, तुरुंग, मळ्यांवरचे मजूर, शहरातल्या गरीब वस्त्या. या अवधीत सुमारे ४२ हजार माणसांना लस टोचली गेली.

कलकत्त्याच्या वस्तीतला एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मार्च १८९४ मध्ये काठाल बागान नावाच्या झोपडपट्टीत पटकीने दोघे दगावले. शहराचे आरोग्याधिकारी डॉक्टर सिम्पसन यांनी हाफकिन यांना बोलावले. त्यांच्याबरोबर गोऱ्या डॉक्टरांचा ताफा नव्हता. चौधरी, घोष, चॅटर्जी आणि दत्त हे आपले डॉक्टर होते. परका माणूस, हातात सुई, पाठीशी सरकार. लोक बिथरले. दगड आले, काचेचे सामान फुटले असे सांगतात. तेव्हा हाफकिन यांनी सदरा वर केला आणि सगळ्यांसमोर सुई आपल्याच अंगात टोचून घेतली. मग वस्तीतल्या सुमारे २०० माणसांपैकी ११६ जण पुढे आले. त्यानंतर तिथे आणखी दहा जणांना पटकी झाली, सात मेले. दहाच्या दहा न टोचलेल्यांपैकी होते.

शास्त्राच्या दृष्टीने हा मोठा विजय. एकाच वस्तीतली, एकच तळे पिणारी, एकाच अन्नावर जगणारी माणसे. निम्म्यांना टोचले, निम्म्यांना नाही. यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणता? हाफकिन यांचा हाच आग्रह असे, आणि यामुळेच त्यांच्या आकड्यांवर जगाने विश्वास ठेवला. पण मी ते सात जण विसरू शकत नाही. त्यांच्यावर जबरदस्ती झाली नाही हे खरे. ते आपल्या मर्जीने मागे राहिले. आजीचे वडीलही आपल्या मर्जीनेच बांधावरून गेले असतील. भीती ही मर्जी म्हणायची का, हा प्रश्न मी वर्गात विचारला तेव्हा सरांनी तो मलाच परत दिला.

हाफकिन हिवतापाने खंगून १८९५ साली इंग्लंडला गेले आणि पुढच्या वर्षी परतले. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघड झाला. सरकारने त्यांना मुंबईला बोलावले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक बोळ, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्या भांडवलावर तीन-चार महिन्यांत त्यांनी प्लेगची लस उभी केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आपल्या रिवाजाप्रमाणे पहिली सुई स्वतः घेतली. पाठोपाठ भायखळ्याच्या तुरुंगात जे कैदी तयार झाले त्यांना टोचण्यात आले. आगाखान यांनी चारचौघांत लस टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या अनुयायांची भीती गेली. प्लेग हा पाण्याचा रोग नव्हे, म्हणून त्याची हकिगत मी लांबवत नाही. मात्र त्या वर्षी पुण्यात काय चालले होते ते मराठी वाचकाला आठवल्याशिवाय राहणार नाही. सोजिरांकरवी घरे तपासणे, माणसे उचलून नेणे, आणि २२ जूनच्या रात्री रँडवर चाफेकरांची गोळी. तोच रोग, तेच सरकार, आणि तिकडे मुंबईत हा माणूस स्वतःची बाही वर करून लोकांची वाट पाहतो आहे. सक्तीपेक्षा समजावणीवर त्यांचा भर होता. झारच्या पोलिसांचा हात मानेवर अनुभवलेल्या माणसाला ते वेगळे शिकवावे लागले नसावे.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नर हाउसमध्ये त्यांची प्रयोगशाळा सुरू झाली. ग्रंथपालाचा मदतनीस एका मोठ्या संस्थेचा प्रमुख झाला. इंग्रज वैद्यकीय अधिकाऱ्यांना हे फारसे रुचले नाही. हा रशियन, हा ज्यू, आणि हा तर डॉक्टरच नव्हे, प्राणिशास्त्राचा पदवीधर! संधी मिळायचा अवकाश होता.

ती १९०२ साली मिळाली. पंजाबात प्लेगचा कहर होता आणि तेथून लशीची मागणी प्रचंड वाढली. ३० ऑक्टोबर रोजी मुलकोवाल या खेड्यात (ते आज पाकिस्तानात आहे) १०७ माणसांना लस टोचली. त्यांतली १९ माणसे पुढच्या दिवसांत धनुर्वाताने तडफडून मेली. एकोणीसच्या एकोणीस जणांची लस एकाच बाटलीतली होती. बाटलीचा क्रमांक ५३-एन. त्या दिवशी उघडलेल्या इतर बाटल्यांची लस घेतलेल्या कोणालाही काही झाले नाही.

ठपका परळवर आला. लस लवकर आणि भरपूर तयार व्हावी म्हणून हाफकिननी कार्बोलिक अॅसिड घालायचे सोडून उष्णतेने शुद्ध करण्याची रीत धरली होती. त्यातच दोष असला पाहिजे, असे चौकशी समितीने ठरवले. हाफकिन यांना कामावरून दूर केले गेले. १९०४ साली ते देश सोडून गेले. दोष बाटली भरताना झाला की उघडताना, हा साधा प्रश्न होता. बाटली भरताना धनुर्वाताचे जंतू शिरले असते तर उघडताना तिला घाण वास यायला हवा होता. तसा तो आला नव्हता. आणि मुलकोवालला बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, तो नीट शुद्ध न करताच वापरला गेला, हे साक्षीतच नमूद होते. धनुर्वाताचा जंतू मातीत राहतो. पण निर्णय लागायला वर्षे गेली. हिवताप डासांमार्फत पसरतो हे दाखवणारे रोनाल्ड रॉस त्यांच्या बाजूने उभे राहिले. २९ जुलै १९०७ रोजी रॉस व इतर नऊ शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये आले, आणि वर्षअखेरीस सरकारने त्यांना निर्दोष ठरवून परत बोलावले.

मात्र परळ त्यांना परत मिळाले नाही. कलकत्त्याला एका लहान प्रयोगशाळेत त्यांना जागा दिली गेली. पटकीच्या जंतूला पूर्ण मारून केलेली लस आणखी निर्धोक ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यांना ते मोठ्या प्रमाणावर अजमावून पाहायचे होते. तशी परवानगी त्यांना मिळाली नाही. पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन ते युरोपात परतले. निर्दोष ठरणे आणि गेलेले परत मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या मागांच्या कारखान्यांतही ठाऊक असते.

ते गेल्यावर त्यांची सुई मात्र इथे राहिली. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव दिले गेले. पुढच्या काळात पटकीची लस लाखोंच्या दंडात गेली. जत्रा-यात्रांच्या वाटांवर नाके बसले. आजीच्या आठवणीतला नाका त्यांतलाच एक. पण खरे सांगायचे तर ती लस काही अभेद्य कवच नव्हती. तिचा गुण अर्धामुर्धा आणि तोही थोडे महिने टिकणारा. जंतू बसतो आतड्यात आणि सुई ताकद देते रक्ताला, हे त्यामागचे एक कारण. परदेशी जाणाऱ्यांसाठी पटकीच्या सुईच्या दाखल्याची आंतरराष्ट्रीय अट १९७३ साली रद्द झाली. आज पटकीची लस तोंडावाटे देतात. आणि रोग्याला वाचवायचे ते अंगातून गेलेले पाणी व क्षार भरून काढून. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनोबिस यांनी मीठ, साखर आणि सोडा पाण्यात कालवून पिपांतून लोकांना पाजले आणि पटकीने मरणारी माणसे वाचवली. माझ्या भावाला घोट घोट पाजले ते हेच पाणी.

म्हणजे हाफकिन यांचे काम वाया गेले का? मला तसे वाटत नाही. नळ, गाळणी आणि गटारे यांवर पैसा न घालता ज्या राज्यकर्त्यांनी नुसती सुई पुढे केली, तो दोष सुईचा नव्हे. आल्टोनाची वाळू १८९२ सालीच जगाला दिसली होती. पंढरीच्या वाळवंटात आणि आमच्या गल्लीत ती पोचायला किती वेळ लागावा, याचा हिशेब हाफकिन यांच्याकडे मागता येणार नाही. ज्या काळात पटकीपुढे मरीआईशिवाय कोणी नव्हते, त्या काळात या माणसाने सुई आधी स्वतःला टोचली आणि मग दुसऱ्याकडे हात केला. आजीच्या वडिलांपुढे नाक्यावर असे कोणी उभे राहिले असते तर? त्यांच्यापुढे नाका होता, कागद होता, पोलीस होता. बाही वर केलेला माणूस नव्हता.

शेवटची वर्षे हाफकिन यांनी पॅरिसमध्ये आणि १९२८ पासून स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात काढली. तरुणपणी ज्या धर्मासाठी नोकरी नाकारली होती, त्या धर्माच्या आचारात ते म्हातारपणी पूर्ण रमले होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी ते लोझानला वारले. लग्न केले नव्हते. आयुष्यभराची शिल्लक त्यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू मुलांच्या धर्मशाळांतील शिक्षणासाठी ठेवली. भारत सरकारने १९६४ साली त्यांचे टपाल तिकीट काढले.

हे सारे मी आजीला दोन-तीन रात्री मिळून सांगितले. परदेशी नावे तिला पेलली नाहीत. ती त्यांना सुईवाला बाबा म्हणू लागली. मुलकोवालची हकिगत तिने पुन्हा एकदा सांगायला लावली. चिमटा कोणाच्या हातून पडला, त्याचे पुढे काय झाले, असे तिने विचारले. मग बराच वेळ गप्प राहून तिने विचारले की, त्या बाबाला मुलेबाळे होती का. नव्हती, म्हणून मी सांगितले. ती उठली. पहाटे नळ यायचा होता. पिंपातले उरलेले पाणी उपसून पिंप घासायचे होते.